व्हेनामी कोळंबीचं बीज तळ्यातल्या माद्यांपासून का काढू नये?

पालघरकडच्या एका तरुण कोळंबी उत्पादकाचे तीन प्रश्न आहेत. तळ्यातून चाळीस ग्रॅमच्या आसपासच्या व्हेनामी माद्या निघाल्या, तर बीज, म्हणजे तळ्यात सोडायची बारीक पिल्लं, आंध्रातून मागवण्याऐवजी याच माद्यांपासून इथेच का काढू नये? एवढ्या मोठ्या झालेल्या माद्या तळ्यात कधीच अंडी का घालत नाहीत? आणि पावसात बांध फुटून खाडीत गेलेली व्हेनामी तिथे वाढून पिल्लं देईल का? मी पूर्व किनाऱ्यावर हॅचरीत, म्हणजे बीज तयार होतं तिथे, काम करतो आणि रोज याच प्राण्याच्या अंड्यापासून पीएलपर्यंतच्या (पोस्ट-लार्वा, म्हणजे तळ्यात सोडायजोगं पिल्लू) वाढीत हात घातलेला असतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी या कोळंबीचं मूळ घर बघा. व्हेनामी आपल्याकडची नाही. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतापासून पेरूच्या उत्तर टोकाला टुंबेसपर्यंत, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या पूर्व किनाऱ्यावर ती नैसर्गिकरीत्या राहते. तिथलं पाणी वर्षभर २० अंश सेल्सिअसच्या वर असतं. मोठ्या माद्या उघड्या समुद्रात अंडी घालतात. अंड्यातून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत वाहत, कात टाकत टाकत किनाऱ्याकडे येतात. पीएल झाल्या की खाड्यांत आणि खाजणांत शिरतात, तिथे खाऊन-पिऊन मोठ्या होतात आणि वयात येताना पुन्हा समुद्राकडे निघतात. आपल्या सफेद कोळंबीचंही असंच चालतं. तळं म्हणजे या आयुष्याचा फक्त मधला, खाडीतला भाग. तुम्ही तिला शंभर-सव्वाशे दिवसांचं बालपण देता आणि काढणी करता. पुढचा समुद्राचा भाग तिला मिळतच नाही.

वजनाने फसू नका. व्हेनामीचा नर साधारण २० ग्रॅमपासून आणि मादी २८ ग्रॅमपासून पुढे वयात येऊ शकते, पण त्यासाठी वयही सहा-सात महिन्यांचं लागतं. हॅचरीत चांगलं काम देणाऱ्या माद्या आठ-दहा महिन्यांच्या असतात. वजन आणि वय दोन्ही जमलं तरी अंडाशय भरायला २८ अंशांच्या आसपास स्थिर तापमान, समुद्राएवढं खारं पाणी, अंधार, शांतता आणि खास खुराक लागतो. पालघरच्या खाडीत पावसाळ्यात क्षारता पार खाली येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हरियाणात आणि पंजाबात भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यावर व्हेनामी उत्तम वाढते, पण बीज मात्र तिथेही किनाऱ्यावरूनच जातं. मोठ्या कोळंबीला कमी क्षारता चालते. अंड्याला आणि कोवळ्या अळीला ती चालत नाही.

आता अंडाशयाचा मुद्दा. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, तिचा रस अंडाशयाची वाढ रोखून धरतो. परिस्थिती अनुकूल झाली की हा रोध निसर्गात आपोआप ढिला पडतो. १९४३ साली फ्रान्समध्ये पानूझ या शास्त्रज्ञाने एका कोळंबीचे डोळ्याचे देठ काढून दाखवलं की अंडाशय लगेच भरायला लागतं. जगभरच्या हॅचऱ्या त्याच शोधावर उभ्या राहिल्या. मादीचा एक देठ दाबून किंवा डाग देऊन काढतात. मग ती दर काही दिवसांनी पुन्हा पुन्हा भरते. काम चांगलं चाललं तर टाकीतल्या शंभर माद्यांपैकी दहा-पंधरा एका रात्रीत अंड्यांवर येतात. मला ही पद्धत आवडत नाही. मादी लवकर थकते, आणि काही महिन्यांनी अंड्यांचा दर्जा घसरतो हे डोळ्यांना दिसतं. देठ न काढता, चांगल्या खुराकावर आणि निवडक वाणांवर काम करणाऱ्या हॅचऱ्या आता वाढत आहेत. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या अभ्यासात अशा माद्यांची पिल्लं रोगांपुढे जास्त टिकताना दिसली. आपल्या धंद्याने त्या वाटेने जावं असं मला मनापासून वाटतं. बीज घेताना हॅचरीला हा प्रश्न जरूर विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की हॅचरीवालेही विचार करायला लागतात.

खुराकाबद्दल एवढंच सांगतो की मादीला पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, अंडी येत नाहीत. तिला माकुळ आणि समुद्री गांडुळं, म्हणजे पॉलिकीट, लागतात. त्यातल्या चरबीच्या घटकांवर अंड्याचा बलक तयार होतो. पण जिवंत पॉलिकीट हाच रोग आत येण्याचा एक मोठा दरवाजाही आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

व्हेनामीच्या मीलनाची रीत आपल्या टायगर कोळंबीपेक्षा पूर्ण वेगळी आहे, आणि तुमच्या खाडीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. मादीच्या पोटाखाली, चालायच्या पायांच्या मध्ये, नराकडून शुक्राणू घेण्याची जागा असते. तिला थेलिकम म्हणतात. टायगरमध्ये ही जागा बंद कप्प्यासारखी असते. मादी कात टाकून मऊ झाली की नर शुक्राणूंची पुडी आत ठेवतो, कवच कडक होतं आणि पुढच्या कातेपर्यंत तो साठा तिच्याजवळ राहतो. तेवढ्या काळात ती एकटीच अनेकदा अंडी घालू शकते. व्हेनामीमध्ये कप्पा नाही, जागा उघडी असते. इथे मादीचं कवच कडक असताना आणि अंडाशय पूर्ण पिकलेलं असतानाच, तिन्हीसांजेनंतर, नर तिच्या मागे लागतो. तिच्या शेपटीखाली डोकं घालून पोहतो, मग उताणा होऊन क्षणभर तिला चिकटतो. शुक्राणूंची चिकट पांढरी पुडी पोटाखाली बाहेरच्या बाजूला चिकटून राहते. जरा धक्का लागला की गळून पडते. त्याच रात्री, काही तासांत, मादी अंडी सोडते. पुडी पडली असेल तर अंडी वांझ जातात.

म्हणून हॅचरीत संध्याकाळचे काही तास फार जपायचे असतात. काळ्या, उथळ, गोल टाक्यांत नर-माद्या साधारण बरोबरीने ठेवतात, दिव्यांच्या वेळा बदलून त्यांची संध्याकाळ आमच्या सोयीच्या वेळी आणतात. मग टॉर्चच्या मंद उजेडात पाठीवरून दिसणारं नारिंगी-सोनेरी अंडाशय आणि पोटाखालची पांढरी पुडी, दोन्ही बघून मादी हळूच उचलायची आणि अंड्यांच्या टाकीत सोडायची. घाईने जाळं मारणाऱ्या माणसाला हे काम देता येत नाही.

एक मादी एका वेळी एक ते अडीच लाख अंडी घालते. अंडं जेमतेम पाव मिलिमीटरचं. सोळा तासांच्या आसपास त्यातून नॉप्लिअस बाहेर पडतो. कोळ्यासारखा दिसणारा, तीन जोड्या अवयवांनी झटके देत पोहणारा. तो काहीच खात नाही, बलकावरच दिवस काढतो. उजेडाकडे धावतो, आणि आमच्यासाठी हीच चांगल्या नॉप्लिअसची पहिली पारख आहे. टाकीच्या एका बाजूला दिवा लावायचा, सशक्त नॉप्लिअस तिथे जमतात, तेवढेच घ्यायचे. तळाशी मलूल पडलेले टाकून द्यायचे. जमलेले नॉप्लिअस आधी स्वच्छ समुद्राच्या पाण्याने आणि मग आयोडीनच्या पाण्याने धुतात, कारण आईच्या विष्ठेतून आलेले जंतू अंड्यांना आणि नॉप्लिअसला बाहेरून चिकटलेले असतात. हे धुणं ज्या हॅचरीत मन लावून होतं तिथलं बीज पुढे वेगळं दिसतं. दीड-दोन दिवसांत नॉप्लिअस पाच-सहा वेळा कात टाकून झोइया होतो.

झोइया ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत नाजूक पायरी. बलक संपलेला असतो, तोंड नुकतंच उघडलेलं असतं आणि अन्न शोधत फिरण्याची ताकद नसते. समोर येईल ते पाण्यातून गाळून खायचं, एवढंच त्याला येतं. म्हणून टाकीतल्या प्रत्येक थेंबात कीटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा यांसारखं सूक्ष्म शैवाल भरलेलं हवं, एका मिलिलिटरला लाखभर पेशींच्या घरात. शैवाल कमी पडलं तर झोइया उपाशी मरतो, फार झालं तर पाणी बिघडतं. झोइया पोटभर खातोय की नाही हे कळायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरा. प्रत्येकाच्या मागे विष्ठेचा लांब दोरा लोंबत असेल तर सगळं ठीक आहे. दोरे तुटके, किंवा नसलेच, तर रात्रभर जागं राहायची वेळ आली असं समजायचं.

झोइयाच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीत डोळे कवचाखाली दडलेले असतात, दुसरीत ते देठांवर बाहेर येतात आणि कपाळावर टोक फुटतं, तिसरीत शेपटीचे पंखे दिसू लागतात. भारतातल्या हॅचऱ्यांना सर्वांत जास्त रडवते ती दुसरी पायरी. अळ्या अचानक खाणं सोडतात, आतडं रिकामं दिसतं, कात अर्धवट टाकली जाते आणि एक-दोन दिवसांत टाकीच्या टाकी तळाशी बसते. आमच्याकडे याला झोइया-टू सिंड्रोम म्हणतात. अशा टाकीत प्रतिजैविकं ओतून वाचवलेलं बीज विकणं ही शेतकऱ्याची फसवणूक आहे असं मी मानतो. ती औषधं निर्यातीत माल परत यायला कारण होतात, आणि वाचलेल्या अळ्याही कमकुवतच निघतात. टाकी सोडून द्यावी, धुवावी, वाळवावी आणि नव्याने सुरुवात करावी. दोन तुकड्यांच्या मध्ये हॅचरी पूर्ण कोरडी ठेवण्याचे दिवस हंगामात मागणी वाढली की पहिले कापले जातात, आणि मग त्याच हंगामाच्या शेवटी हा सिंड्रोम सगळीकडे ऐकू येतो.

चार-पाच दिवसांनी झोइयाचा मायसिस होतो आणि पोहण्याची तऱ्हाच बदलते. डोकं खाली, शेपूट वर, उलटे झटके देत मागे मागे जाणारा मायसिस एकदा पाहिला की विसरत नाही. आता तो छोट्या कोळंबीसारखा दिसू लागलेला असतो, आणि मांसाहारीही झालेला असतो. इथून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवाची नुकती उबवलेली पिल्लं द्यायची. आर्टेमियाची अंडी डब्यांतून येतात, जगात सर्वांत नावाजलेली अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची. मायसिसच्या तीन पायऱ्यांत पोटाखालचे पोहण्याचे पाय कोंबासारखे फुटतात आणि लांब होतात. तीन-चार दिवसांत पुढची कात पडली की पीएल. आता तो त्याच पायांनी सरळ पुढे पोहतो. या काळात टाकीत सगळे एकाच पायरीवर असणं फार महत्त्वाचं. मायसिस आणि पीएल एकत्र राहिले की मोठा लहानाला खातो, आणि आकारातली तफावत तळ्यापर्यंत जाते. वेगवेगळ्या रात्रींचे नॉप्लिअस एका टाकीत मिसळणाऱ्या हॅचरीचं बीज म्हणूनच उंचसखल निघतं.

नॉप्लिअसपासून पीएल दहा-बारापर्यंत तीन आठवड्यांच्या आसपास जातात आणि शंभरातले साठेक वाचले तर काम चांगलं झालं म्हणायचं. दहा दिवसांचा पीएल का, पाचचा का नाही, असं शेतकरी विचारतात. कारण कल्ल्यांत आहे. कोवळ्या पीएलच्या कल्ल्यांना फांद्या फुटलेल्या नसतात, क्षारता बदलली की शरीरातल्या मिठाचा तोल त्याला सांभाळता येत नाही. दहाव्या दिवसाच्या आसपास कल्ले पुरेसे तयार होतात. लवकर विकलेलं बीज स्वस्त पडतं, पण तळ्यात सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत किती गेलं हे दिसत नाही, कारण एवढे छोटे मेलेले पीएल कुणाच्या नजरेस पडतच नाहीत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. तळ्यातल्या माद्या हॅचरीत आणून, खुराक देऊन, देठ काढून अंडी मिळवता येतात का? मिळतात. म्हणूनच चोरून हा उद्योग चालतो, आणि म्हणूनच मी इतक्या कळकळीने नको म्हणतो आहे. व्हेनामी भारतात २००३ मध्ये चाचणीपुरती आली आणि २००९ मध्ये मोठ्या प्रमाणावर परवानगी मिळाली, ती एका अटीवर: परवानाधारक हॅचरीने मान्यताप्राप्त पुरवठादाराकडूनच ठरावीक रोगांपासून मुक्त, म्हणजे एसपीएफ, नर-माद्या आणायच्या. आयात केलेली सगळी जोडपी आधी चेन्नईत नीलांकरैच्या विलगीकरण केंद्रात थांबतात, तपासली जातात, मग हॅचरीत जातात. किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीचं नियमन करणाऱ्या कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर ऑथॉरिटीच्या नियमांत तळ्यात वाढलेल्या माद्यांपासून बीज काढायला मनाई आहे. हा कागदी घोडा नाही. जिवंत कोळंबीबरोबर तिचे रोगही फिरतात, आणि हे आशियाने भोगलं आहे. टॉरा सिंड्रोमचा विषाणू व्हेनामीबरोबरच अमेरिका खंडातून तैवानला पोचला. ज्याने स्नायू मरून पांढरे पडतात तो आयएमएनव्ही विषाणू ब्राझीलमधला, तो २००६ मध्ये इंडोनेशियात उगवला. दोन्ही ठिकाणांमध्ये एवढा मोठा समुद्र आहे की तो आपोआप गेला असं कुणी म्हणणार नाही.

एसपीएफचा अर्थही नीट घ्या. ती कोळंबी रोगाला पुरून उरणारी नसते. ती फक्त रोग नसलेल्या घरात वाढलेली असते. तुमच्या तळ्यात एकदा शिरली की तो दर्जा संपला. तळ्यातल्या पाण्यात, चिखलात, खेकड्यांत जे काही असेल ते तिच्यात जाणार, आणि तिने अंडी घातली की पिल्लांपर्यंत पोचणार. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तरी दिसतो, माल मरतो, माणूस सावध होतो. मला जास्त भीती ईएचपीची वाटते. २००९ मध्ये थायलंडच्या टायगरमध्ये पहिल्यांदा त्याचं वर्णन झालं. यकृतासारख्या अवयवात राहणारा हा सूक्ष्म परजीवी कोळंबीला मारत नाही, तिची वाढ खुंटवतो. खाद्य संपत जातं, वजन मिळत नाही. आईच्या विष्ठेतून तो अंड्यांवर येतो, आणि जिवंत पॉलिकीटमधूनही आईकडे येतो. तुमच्या चाळीस ग्रॅमच्या मादीला ईएचपी असला तरी ती धडधाकटच दिसेल.

दुसरं कारण रक्ताच्या नात्याचं. एका तळ्यात सोडलेलं बीज बहुतेकदा मोजक्या आई-बापांचं असतं, म्हणजे तुमच्या तळ्यातले नर-मादी सख्खे भाऊ-बहीण असण्याची शक्यता मोठी. काही पुरवठादार तर आपली जोडपी मुद्दाम अशा कुटुंबांतून निवडतात की त्यांच्या पिल्लांचं आपसात प्रजनन केलं तर पुढची पिढी कमकुवत निघावी. त्यांना आपलं वाण राखायचं असतं, आणि नकल करणारा मार खातो. पहिल्या पिढीत कदाचित काही कळणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत वाढ मंदावते, जगण्याचं प्रमाण घटतं, आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

खाडीत गेलेल्या कोळंबीचं काय, हा तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. थायलंडमध्ये बांगपाकोंग नदीच्या मुखाशी तळ्यांतून सुटलेली व्हेनामी मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलेली आहे, म्हणजे खाडीत जगणं तिला जमतं. वसाहत करणं त्याहून अवघड. त्यासाठी सुटलेल्यांपैकी पुरेशा माद्या आणि नर वाढून समुद्रापर्यंत जायला हवेत, आणि पिकलेल्या मादीला त्याच रात्री नर भेटायला हवा, कारण तिला शुक्राणू साठवता येत नाहीत. विरळ पसरलेल्या प्राण्यांना हे कठीण आहे. उलट उदाहरण आपल्याच टायगरचं आहे. १९८८ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एका केंद्रातून सुमारे दोन हजार टायगर चुकून समुद्रात गेले, त्यातले काहीशे फ्लोरिडापर्यंत जाळ्यांत सापडले, मग अनेक वर्षं काही नाही. २००६ पासून ते अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात पुन्हा दिसू लागले आणि आता नियमित मिळतात. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही टायगर आता मिळतात. एकदा फळलेली टायगर मादी शुक्राणूंचा साठा घेऊन फिरते, त्यामुळे विरळ वस्तीतही तिचं भागतं असं माझं मत आहे. पण म्हणून व्हेनामीबाबत निर्धास्त राहू नका. ती खाडीत अंडी घालो न घालो, सुटताना बरोबर नेलेला रोग तिथल्या सफेद कोळंबीला, करंदीला, खेकड्याला देऊ शकते, आणि भरतीच्या पाण्याबरोबर तो तुमच्या शेजाऱ्याच्या तळ्यात येतो. बांधाची उंची उधाणाच्या भरतीपेक्षा वर ठेवा, पावसाआधी उंदराची आणि खेकड्यांची बिळं बुजवा, मोरीवर दुहेरी जाळी लावा, आणि रोग दिसला असेल तर पाणी क्लोरीन केल्याशिवाय खाडीत सोडू नका.

बीज कुठून घ्यायचं याबद्दल माझा सल्ला सरळ आहे. हॅचरीकडे जोडप्यांच्या आयातीचे आणि विलगीकरणाचे कागद मागा, मादी किती महिने वापरात आहे ते विचारा. रोगजंतू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा अहवाल तुमच्या टाकीचाच आहे ना हे टाकीच्या नंबरावरून बघा, त्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूबरोबर ईएचपीही तपासलेला असावा. शेपटीजवळच्या शेवटच्या मोठ्या खंडात स्नायूची जाडी आतड्याच्या चौपट किंवा जास्त दिसली तर पीएल धष्टपुष्ट आहे. शंभरेक पीएल अर्धा तास गोड्या पाण्यात आणि मग अर्धा तास मूळ पाण्यात ठेवून किती जगतात ते समोर करून घ्या. आणि एवढा लांबचा प्रवास करून पिशव्या पालघरला पोचल्या की उघडायच्या आधी पिशवीतली आणि तळ्यातली क्षारता स्वतः मोजा. पावसाळ्याच्या तोंडावर बीज घेणार असाल तर तळ्याचा आकडा हॅचरीला आधीच कळवा, म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस त्यांना टाकीतच क्षारता टप्प्याटप्प्याने उतरवता येईल. तरीही फरक राहिला तर बीज थेट तळ्यात सोडू नका, हवा सोडलेल्या टाकीत घ्या आणि तासाला दोनेक पीपीटीपेक्षा (पीपीटी म्हणजे हजार भाग पाण्यात एक भाग मीठ) जास्त घाई न करता तळ्याच्या पाण्याशी जुळवा.